मागच्या काचेवरची झावळी

“पुढचं आपण बघायचं, मागचं देव बघतो.” माझा नवरा गाडी चालवायचा तेव्हाचं हे त्याचं ठरलेलं वाक्य. मागून कुणी हॉर्न मारला की हे वाक्य. मी म्हटलं, “अरे, आरशात तरी बघ,” की पुन्हा हेच. देवाला दुसरी कामं नाहीत का, तुझ्या गाडीमागे धावत सुटायला, असं मी म्हणायचे. आमच्या घरात नवऱ्याला अहो-जाहो करायची पद्धत नाही. भांडायला ते फार सोयीचं पडतं.

देवाला मागचं बघायची आठवण राहावी म्हणून की काय, दर वर्षी ईस्टरच्या आधी झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आशीर्वाद दिलेली झावळी घरी आली की तिच्या एका पातीचा तो छोटासा क्रूस वळायचा आणि गाडीच्या मागच्या काचेला आतून चिकटवायचा. अगदी मधोमध. रुंद चिकटपट्टीने, वरून एक, खालून एक आणि दोन्ही हातांवर एकेक, कारण आमचे रस्ते कसे आहेत ते मी वेगळं सांगायला नको. वर्षभरात तो क्रूस उन्हाने पिवळा पडायचा. मग पुढच्या वर्षी राखेचा बुधवार जवळ आला की चर्चच्या दारात जुन्या झावळ्यांसाठी टोपली ठेवतात, त्यांचीच राख करून फादर आपल्या कपाळाला लावतात. तेव्हा हा पट्टी चर्रकन ओढून काढायचा आणि क्रूस टोपलीत टाकून यायचा. मग पुन्हा झावळ्यांचा रविवार, नवी झावळी, नवा क्रूस, जागा तीच. गाडी घेतल्यापासून यात खंड पडला नव्हता, आणि गाडी आता चांगलीच म्हातारी झाली आहे.

त्या काचेवर तपकिरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा आहेत. त्यांतून वीज गेली की काच गरम होते आणि काचेवरची वाफ उडते, असं गाडी विकणाऱ्याने तेव्हा समजावलं होतं. ‘डिफॉगर’ असं काहीतरी तो म्हणाला. पुढे त्याचं बटण आहे, त्यावर चौकटीतून वर जाणाऱ्या तीन वाकड्या वाफा काढल्या आहेत. माझ्या मुलीने लहानपणी त्याला पापडाचं बटण म्हटलं, मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो. दाबलं मात्र कुणीच नाही. वसईत काय बर्फ पडतो?

मग त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. लिहायला किती सोपं आहे, एका ओळीत झालं! आठवड्यातून तीनदा डायलिसिस, हायवेजवळच्या हॉस्पिटलात, सकाळची पहिली पाळी. सुरुवातीला रिक्षाने नेलं. येताना प्रत्येक खड्ड्याला तो ओठ आवळून घ्यायचा, आणि एकदा तर रिक्षातच त्याला भोवळ आली. मुलगी कॅनडाला. शेजारपाजारचे किती दिवस येणार? म्हणून या वयात मी गाडी शिकले. शिकवणारा म्हणाला, “आंटी, पुढे मस्त चालवता, पण रिव्हर्सला घाबरता.” घाबरू नको तर काय करू? माझ्या घरातून बाहेर पडायचा रस्ताच रिव्हर्सचा.

आमचं घर वाडीच्या टोकाला. पूर्वी अंगणात गाडी वळायची. त्या अंगणात आता दिराचा बंगला उभा आहे, त्यावर मी इथे बोलत नाही, नाहीतर विषय भलतीकडेच जायचा. उरली एक बोळकांडी. एका अंगाला बंगल्याची भिंत, दुसऱ्या अंगाला बावखल. वाडीला पाणी पुरावं म्हणून जुन्या माणसांनी खणलेलं हे गोड्या पाण्याचं तळं, आणि आमचं चांगलं खोल आहे. पावसाळ्यात ते काठोकाठ भरतं, कड कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ते उभ्या माणसाला कळत नाही. गाडी सुलटी आत आणा किंवा उलटी, एकदा तरी तेवढं अंतर मागे बघतच कापावं लागतं.

आणि मागे दिसायचं नाही. त्याला आता थंडी सोसत नाही. भर पावसाळ्यात कानटोपी, शाल, एसी बंद, काचा वर. आत आम्ही दोघं आणि एक ओली छत्री. गाडी सुरू होईपर्यंत सगळ्या काचांवर वाफ. पुढची मी फडक्याने पुसायचे, बाजूच्याही पुसायचे. मागची उतरून, दार उघडून, सीटवर गुडघा टेकून पुसायची आणि पुन्हा पुढे येऊन बसेपर्यंत ती होती तशी. कॅमेरा बसवून झाला, दिराच्याच सांगण्यावरून. त्याच्या भिंगावर पावसाचा थेंब बसला की पडद्यावर नुसतं दूध.

ऑगस्टमधल्या एका सकाळी व्हायचं तेच झालं. मागचं चाक बावखलाच्या कडेवरून घसरलं आणि गाडी एका बाजूला कलली. त्याची बाजू पाण्याकडे. मी ब्रेकवर उभीच राहिले म्हणा ना. तो डोळे मिटून पुटपुटत होता, हात पट्ट्यावर, पण पट्टा सोडायची ताकद बोटांत नव्हती, ते मी बघितलं. आळीतली माणसं धावत आली, कुणी दोर आणला, कुणी मागून खांदा लावला. दीर गॅलरीतून सूचना करत होता. गाडी वर आली, पण आमची पाळी हुकली आणि डायलिसिस दुसऱ्या दिवसावर गेलं. त्या रात्रभरात त्याचे पाय सुजले, श्वास जड झाला. मला तेव्हा लख्ख कळलं, गाडी पाण्यात गेली तर हा माणूस बाहेर पडू शकणार नाही, आणि गाडी निघालीच नाही तरी हा जगणार नाही. मधला मार्ग एकच होता, मला मागे दिसायला हवं होतं.

तेव्हा मी पापडाचं बटण दाबलं. इतक्या वर्षांनी बिचारं पेटलंही, बारीक पिवळा दिवा लागला. थोड्या वेळाने काचेचा वरचा भाग स्वच्छ झाला, खालचाही झाला. मधला मात्र ढिम्म. म्हणजे वर आभाळ दिसतंय, खाली डिकीचं झाकण दिसतंय आणि मधे जिथे भिंत, कड, बावखल, तिथे पांढरं फटक. मला हसावं की रडावं कळेना.

गोखिवऱ्याला गाळ्यांमध्ये गाड्यांची वायरिंग करणारे आहेत, तिकडे गेले. पहिल्याच्या दुकानात चिंचोटीच्या धबधब्याला जाऊन भिजून आलेल्या गाड्यांची रांग, त्याला माझ्याशी बोलायला सवड नव्हती. दुसऱ्याने फ्यूज काढून दाखवला, घातला, वायर हलवून बघितली. “मॅडम, करंट बरोबर येतोय. मधल्या लायनी कट झाल्यात. पूर्ण काच चेंज करा.” बरं, काच कुठे मिळेल? “या मॉडेलची आता येत नाय. भंगारात बघावं लागेल.” भंगारवाल्यांकडे होत्या त्या एक तर साध्या, बिनरेघांच्या, नाहीतर फुटक्या. तिसरा तर हसलाच. “आंटी, इधर डिफॉगर कौन लगाता है? खिडकी खोल के चलाओ ना.” म्हटलं, बाबा रे, माझ्या शेजारी माणूस बसलाय तो हिवाने कुडकुडतो. त्याला काय त्याचं! कुणाचं काय तर कुणाचं काय.

मुलगी तिकडून फोनवर उंटावरून शेळ्या हाकत होती. गाडी विक, अॅम्ब्युलन्स लाव, माणूस ठेव. पण तिनेच एक कामाचं सांगितलं, की तिच्याकडे बर्फात हे नेहमीच होतं, चांदीसारखा एक रंग मिळतो, नेलपॉलिशसारख्या बाटलीत, तो तुटलेल्या जागी लावला की रेघ जोडली जाते. फक्त तुटली कुठे ते आधी शोधायचं. बाटली तिने इथल्या पत्त्यावर मागवली.

डायलिसिसहून आल्यावर तो लगेच उतरू शकत नाही, थोडा वेळ गाडीतच बसून राहतो. त्या दुपारी तो तसाच पुढे बसला होता, हातावरची पट्टी दाबून, डोळे मिटून. मी मागच्या सीटवर गुडघ्यावर बसले, चष्मा लावला, मोबाईलचा उजेड काचेवर धरला आणि एकेक रेघ बोटाने तपासत गेले. तोंडाचा पट्टा चालूच होता माझा, त्या गोखिवऱ्याच्या तिघांचा उद्धार करत होते. आणि सापडलं. रेघेत मोहरीएवढा खंड. तिच्या खालच्या रेघेत तसाच, बरोबर त्याच्या खाली. त्याच्याही खाली. दोन्ही बाजूंना सारखेच. आणि दोन बाजूंच्या बरोबर मधे तो, झावळीचा पिवळा क्रूस, हात पसरून. चिकटपट्टीची टोकं जिथे संपत होती तिथेच रेघा संपत होत्या. इतकी वर्षं चर्रकन ओढलेली पट्टी दर वेळी रेघेचा थोडा थोडा रंग घेऊन गेली होती.

जिभेवर आलंच होतं माझ्या. बघ, म्हणे मागचं देव बघतो! त्यालाच डोळे लावून तू माझे डोळे काढलेस! पण पुढच्या सीटवरून त्याची मानच दिसत होती, कानटोपीखाली केवढीशी झालेली. आजारी पडल्यापासून तो गाडीत बसला की आधी मान वळवून क्रूस जागेवर आहे ना ते बघायचा, मगच पट्टा लावायचा. पूर्वी जे गमतीत म्हणायचा ते आता गमतीचं उरलं नव्हतं. मी आलेले सगळे शब्द गिळले.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“काय नाय. काच जुनी झाली.”

दुसऱ्या दिवशी मी क्रूस अलगद काढून घरातल्या आल्तारावर, म्हणजे आमच्या देवघरात, ठेवला. काढताना आणखी एक रेघ गेली, ती गेलीच. त्याने आल्तारावर बघितलं आणि विचारलं, “हा इथे कशाला?” मी म्हटलं, काच धुवायची आहे. मग काच स्पिरिटने पुसली, त्याच्या सुयांसाठी घरात असतंच. रेघेच्या वर आणि खाली डायलिसिसची कागदी पट्टी लावली, ती सोलताना कातडीसुद्धा ओढत नाही. मधे रंग. पहिल्या वेळी रेघ कसली, गांडूळ झालं. पुसलं, पुन्हा लावलं. पावसामुळे वाळेना, तर घरातून वायर ओढून गाडीत टेबलफॅन लावला. दीर गॅलरीतून बघत होता. म्हटलं, बघ बाबा, तुझी करमणूक होऊ दे.

रंग वाळला तशी मी काचा बंद करून आत बसले, काचेवर भरपूर वाफ धरू दिली आणि बटण दाबलं. आधी मधल्या रेघांभोवती बारीक पट्टे उघडले, मग ते रुंद होत एकमेकांना मिळाले. आणि दिसलं! भिंत, भिंतीवरचं शेवाळ, बावखलाची कड, कडेची केळ, सगळं. मी ओरडूनच त्याला बोलावलं. तो दारापर्यंत आला, चौकट धरून उभा राहिला. “बरं झालं,” म्हणाला. पण तो बघत होता काचेच्या मधोमध, रिकाम्या जागेकडे.

पुढच्या डायलिसिसच्या सकाळी मी त्याची पिशवी भरून बाहेर आले तर तो घरात नाही. गाडीत जाऊन बसला होता, धापा टाकत. मागच्या काचेवर क्रूस. त्याच जागेवर, पार्सलच्या खोक्यांना लावतात तसल्या रुंद तपकिरी पट्टीने, माझ्या ताज्या रुपेरी रेघांवर आडवी, उभी, दाबून चिकटवलेली.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! दार उघडून उभी राहिले, तोंड उघडलं. आणि मग ध्यानात आलं की ओटीच्या पायऱ्या तो एकटा उतरला होता. कितीतरी महिन्यांनी. मी हात धरल्याशिवाय दाराबाहेर पाऊल न टाकणारा माणूस कपाटातून पट्टी शोधून, काठी टेकत गाडीपर्यंत आला होता, मागच्या सीटवर चढला होता.

“आता कशी बरोबर दिसते,” तो म्हणाला.

कपाळ माझं! मी गाडी सुरू केली. बटण दाबलं. पट्टीखाली रेघा टिकल्या होत्या, काच मोकळी झाली, आणि त्या क्रूसाच्या दोन्ही बाजूंनी बघत बघत मी गाडी बाहेर काढली. तो पावसाळा तसाच काढला. दर खेपेला बटण दाबलं की मी मागे बघत बसायचे, आज काच मोकळी होते की नाही. पट्टी ओढायची नाही एवढंच माझ्या हातात होतं.

पण राखेचा बुधवार काही कुणासाठी थांबत नाही. फेब्रुवारीत चर्चच्या दारात टोपली लागली आणि याने सुरू केलं, “झावळी नेऊन द्यायला हवी.” मी आज-उद्या केलं. म्हटलं, एक नाही दिली तर काय राख कमी पडणार आहे? त्याला ते पटेना. आशीर्वादाची झावळी ठेवून द्यायची नाही, परत करायची, हे त्याच्या आईने त्याला शिकवलेलं. तब्येत खाली चालली होती, जेवण जात नव्हतं, आणि हा एकच हट्ट. शेवटी एका दुपारी त्याला पुढे बसवून मी मागे बसले. आधी बटण दाबून काच गरम केली, म्हणजे गोंद सुटेल. स्पिरिट लावलं. नखाने, हळू, पट्टी सोलायला घेतली.

सगळ्या रेघा गेल्या. पट्टीच्या चिकट बाजूला माझ्या हाताने काढलेल्या रुपेरी रेघा जशाच्या तशा उतरल्या होत्या. मी ती पट्टी हातात धरून रडायला लागले. सकाळी धुकं असतं, दव असतं, दोन दिवसांनी डायलिसिस आहे.

“तुटल्या ना?” तो पुढून म्हणाला.

“तुला ठाऊक होतं?”

“ऑगस्टापासून. तू मागे बसून शोधत होतीस आणि एकदम गप्प झालीस. तू कधी गप्प बसतेस?”

“मग पुन्हा लावलास कशाला रे?” मी एवढ्याने ओरडले की बंगल्याची खिडकी उघडली. उघडू दे म्हटलं.

त्याने शाल गळ्याशी ओढून घेतली. मग म्हणाला, “भीती वाटते गं. तिथे सुया टोचून ठेवतात आणि मी छताकडे बघत पडतो. जाता-येता तो दिसला की वाटायचं, मागे कुणीतरी आहे.”

एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून भीती हा शब्द मी ऐकला नव्हता, आणि ऐकला तेव्हा माझ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. किडनी द्यायची तयारी होती, ती जुळली नाही. मी क्रूस टोपलीत टाकून आले. बुधवारी दोघांच्याही कपाळाला राख लागली, त्याच्या कपाळावर जरा जास्तच राहिली होती, मी पदराने पुसायला गेले तर त्याने मान मागे घेतली. रेघा मी पुन्हा रंगवल्या. या वेळी मोबाईलचा उजेड त्याने धरला, हात दुखला की दुसऱ्या हातात घेत.

यंदाच्या झावळ्यांच्या रविवारी त्याला चर्चमध्ये मिस्साला नेता आलं नाही. झावळी मीच आणली. त्याने अंथरुणात बसून क्रूस वळला, पात दोनदा निसटली, पण मला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी डायलिसिस. गाडीत बसवताना क्रूस त्याच्या मुठीत होता. “पट्टी दे,” म्हणाला. मी पिशवीतून तपकिरी पट्टी काढली. मनात म्हटलं, लावू दे, रंगवू पुन्हा, किती वेळा ते बघू.

“ती नको. कागदी दे.”

मी त्याच्या सुयांची कागदी पट्टी दिली आणि मागचं दार उघडून धरलं. तो हललाच नाही. पुढे वाकला आणि पुढच्या काचेला, खाली, आपल्या सीटच्या समोर तो क्रूस ठेवून त्यावर पट्टी लावू लागला. त्याला वेळ लागत होता, मी मदत केली नाही.

“मागे नाही लावत?” मी विचारलं.

“मागचं तू बघतेस,” तो म्हणाला. पट्टीचं शेवटचं टोक त्याने अंगठ्याने दाबलं. “पुढचं मला नाय दिसत.”

मी मागचं दार लावलं, पुढे येऊन बसले, त्याचा पट्टा लावला. एप्रिलचं ऊन पडलं होतं, काच कोरडी ठणठणीत होती. तरी मी पापडाचं बटण दाबलं आणि गाडी मागे घेतली.